लिहिणाऱ्या बाईचा पत्ता ताजा ठेवा

आज बचतीचा हिशेब नाही, शेळीपालन नाही, परसबागही नाही. आज बोलायचं आहे आपल्यातल्या लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांबद्दल, आणि त्यांची जी माहिती इंटरनेटवर असते तिच्याबद्दल. ही माहिती एकदा टाकली की काम संपलं, असं आम्हालाही वाटायचं. तसं नसतं, हे आम्हाला एका हुकलेल्या निमंत्रणानं शिकवलं.

आमच्या गटातल्या काकू कविता करतात. गटातल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांचं छोटंसं पुस्तक छापलं. त्या वेळी त्यांच्या पुतण्यानं फेसबुकवर त्यांच्या नावाचं पान काढून दिलं. पुस्तकाचा फोटो टाकला, काकूंचा मोबाइल नंबर टाकला. आठ दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. पुढं पुतण्या नोकरीसाठी शहरात गेला. काकूंचं सिमकार्ड रिचार्ज न केल्यानं बंद पडलं, त्यांनी नवं घेतलं. फेसबुकवरचं पान मात्र होतं तसंच राहिलं.

मग एका वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेला ३ जानेवारीच्या कार्यक्रमाला काकूंना बोलवायचं होतं. ३ जानेवारी म्हणजे सावित्रीबाई फुल्यांची जयंती. शाळेतल्या बाईंनी मोबाइलवर काकूंचं नाव शोधलं, पान सापडलं, नंबर लावला. पलीकडून कोणी पुरुष म्हणाला, राँग नंबर. बाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि मग दुसऱ्या पाहुण्या ठरवल्या. काकूंना हे कळलं ते दोन महिन्यांनी, एका लग्नात त्या बाईच भेटल्या तेव्हा. मुलींना बक्षीस द्यायला पुस्तकाच्या चाळीस प्रती घ्यायचंही शाळेनं ठरवलं होतं. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "पुस्तकं राहिली ट्रंकेत, आणि मी राहिले जुन्या नंबरात."

त्या दिवशी आम्ही ठरवलं, हे काम नीट शिकून घ्यायचं. जे शिकलो ते आज सांगतो.

आधी एका शंकेचं उत्तर देऊ. कुणी म्हणेल, आपण कुठल्या लेखिका? आपण दळताना चार ओव्या म्हणतो, हळदीकुंकवाला उखाणे जुळवतो, कधी वहीत दोन ओळी लिहितो. मैत्रिणींनो, जात्यावरच्या ओव्यांचं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता पारी, म्हणजे ग्रामीण भारताच्या कहाण्या जपणारा जो संग्रह आहे, त्यात इंटरनेटवर वाचता आणि ऐकता येतात. तिथं ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. ती ओवी कुणीतरी म्हातारी म्हणायची, असं मोघम नाही. नाव आहे, गाव आहे. जिचं नाव तिथं आहे, ती गाणारी म्हणून जगाला ठाऊक झाली. तेव्हा "आम्ही कुठल्या लेखिका" हे पहिलं सोडून देऊ.

आता कामाला लागू.

पहिलं काम, आपलं नाव शोधून बघायचं. तेही आपल्या फोनवर नाही, दुसरीच्या फोनवर. कारण आपला फोन आपल्याला ओळखतो. आपण जे रोज बघतो तेच तो आधी दाखवतो. परक्या माणसाला काय दिसतं, ते परक्या फोनवर कळतं. नाव मराठीत टाकून बघा, इंग्रजी अक्षरांत टाकून बघा, पुस्तकाचं नाव टाकून बघा. काकूंचं नाव आम्ही असं शोधलं तेव्हा पाच गोष्टी सापडल्या. एक ते जुनं फेसबुकचं पान. एक यूट्यूबवरचा कविसंमेलनाचा व्हिडिओ, त्यात आडनाव चुकलेलं. एक वर्तमानपत्रातली बातमी. एका पुस्तकविक्रेत्याच्या यादीत पुस्तकाचं नाव आणि पुढं "उपलब्ध नाही" असा शेरा, आणि इकडं शंभर प्रती ट्रंकेत. पाचवी गोष्ट सगळ्यांत वाईट. काकूंची एक कविता एका फोटोवर छापून फिरत होती, आणि खाली कुणाचंच नाव नव्हतं.

जे सापडेल ते वहीत उतरवा. चार रकाने पाडा. माहिती कुठं आहे, काय लिहिलं आहे, ती बदलायची किल्ली कुणाच्या हातात आहे, आणि आपण शेवटचं कधी बघितलं. बचत गटाचं रजिस्टर आपण ठेवतोच, तसंच हे. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका. तो वेगळा, घरातल्या कागदपत्रांसोबत ठेवा.

दुसरं काम नावाचं. आपल्या बायकांची नावं फार. माहेरचं एक, सासरचं एक, आधारकार्डावर एक, आणि पुस्तकावर आणखी वेगळं. वाचणाऱ्याला ही एकच बाई आहे हे कसं कळावं? पुस्तकावर जे नाव छापलं आहे तेच सगळीकडे ठेवा. इंग्रजी अक्षरं कशी लिहायची तेही एकदाच ठरवा आणि तीच ठेवा. माहेरच्या नावानं आधी काही छापून आलं असेल, तर परिचयात एक ओळ घाला की आधीचं लेखन या नावानं आहे.

नावाचा घोळ मोठमोठ्यांचाही होतो. बहिणाबाई म्हटलं की आपल्याला जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. पण सतराव्या शतकात तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईही होऊन गेल्या. त्यांचे अभंग आहेत. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर, तरी एकीची माहिती दुसरीच्या नावावर चिकटलेली आपल्या वाचण्यात येते. मग तुमच्याआमच्या नावाचं काय? एका तालुक्यात एकाच नावाच्या चार बायका असतात. म्हणून नावापुढं गाव आणि तालुका लिहायचा.

गावावरून आठवलं. जिल्ह्यांची नावं बदलली आहेत. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तुमच्या परिचयात जुनं नाव असेल तर नवं लिहा, आणि एका ठिकाणी "पूर्वीचं नाव अमुक" एवढं राहू द्या. म्हणजे कुणी जुन्या नावानं शोधलं तरी तुम्ही सापडाल. विद्यापीठांचंही तसंच. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. तिथून पदवी घेतलेल्या मुलींनी परिचयात तो बदल केला का, बघा.

तिसरं काम किल्ल्यांचं, आणि आमच्या मते हेच सगळ्यांत मोठं. काकूंच्या पानावरचा नंबर बदलायला आम्ही बसलो, तर पान उघडेना. ते पुतण्याच्या ईमेलवरून काढलेलं, आणि खातं पक्कं करायचा ओटीपी जायचा काकूंच्या बंद पडलेल्या नंबरवर. घर काकूंचं, किल्ली मात्र कुणाच्याच हातात नाही. पुतण्या चांगला मुलगा आहे, त्यानं सुट्टीत येऊन जुन्या ईमेलवरून वाट काढून दिली. पण ज्या पोरानं पान काढलं तो भेटलाच नाही, किंवा भांडण होऊन बसलं, तर? लिहिणारी बाई आपल्याच नावाला मुकते.

बंद पडलेल्या नंबरचं काय होतं, हे समजून घ्या. नंबर बंद झाला की तो कमीत कमी ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो. शाळेतल्या बाईंना भेटलेला राँग नंबर तो हाच. नुसता फोन चुकला तर एक निमंत्रण जातं. पण त्या नंबरवर तुमचे ओटीपी येत असतील, तर तुमच्या खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन पडते. म्हणून नंबर बदलायचा असेल तर क्रम चुकवू नका. जुनं सिम चालू असतानाच फेसबुक, जीमेल, बँक, सगळीकडे नवा नंबर घाला. नव्यावर ओटीपी येतो का ते तपासा. व्हॉट्सॲपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये नंबर बदलायची सोय आहे, ती वापरा. हे सगळं झालं की मगच जुनं सिम सोडा.

ईमेल लिहिणारीच्या स्वतःच्या नावाचा असू द्या. तो अधूनमधून उघडायचाही असतो. गुगलचा नियम असा आहे की एखादं खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर ते खातं आणि त्यातलं सगळं काढून टाकलं जाऊ शकतं. त्यात तुमच्या वहीचे फोटो असले, कार्यक्रमाचे फोटो असले, तर तेही जातील. फेसबुकच्या पानाचा कारभार एकीपेक्षा जास्त जणींकडे देता येतो. दोघी ठेवा, एक लिहिणारी आणि एक तिच्या विश्वासाची. पासवर्डनंतर दुसऱ्यांदा खात्री करून घेणारी जी सोय असते तीही चालू करा. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, मग तो स्वतःला कुणीही म्हणवो.

चौथं काम, काय लिहायचं. परिचय पाच-सहा ओळींचा पुरे. नाव, गाव, काय लिहिता, कोणतं पुस्तक, कोणत्या साली, किंमत किती, कुठं मिळेल, आणि संपर्क. लिहिताना एक काळजी घ्या. काही शब्द लवकर शिळे होतात. "नुकतंच प्रसिद्ध झालेलं", "यंदाचा पुरस्कार", "सध्या बारावीत शिकणारी कवयित्री" असं लिहिलं की वर्षभरानं ते खोटं ठरतं. काकूंच्या पानावर "वय ४८" होतं, आणि काकूंनी तर पन्नाशी कधीच ओलांडली. "नुकतंच" ऐवजी साल लिहा. साल शिळं होत नाही. सगळं लिहिलंच पाहिजे असंही नाही. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, आधारकार्डाचा फोटो यातलं काही टाकू नका.

संपर्काचा नंबर कोणता द्यायचा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. बाईचा नंबर उघड्यावर असला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. काही घरांत त्यापायी लिहिणंच बंद होतं. म्हणून आम्ही काकूंचा स्वतःचा नंबर काढून टाकला. गटाच्या कामासाठी जो फोन आहे त्याचा नंबर दिला, सोबत ईमेल दिला, आणि "फोन सकाळी ११ ते ५" असं लिहिलं. निरोप गटात येतो, तिथून काकूंना जातो. ज्यांच्याकडे गटाचा फोन नाही त्यांनी नुसता ईमेल दिला तरी चालेल. मात्र तो आठवड्यातून एकदा उघडून बघायचा.

दुसरं पुस्तक काढायचा विचार असेल तर त्यावर आयएसबीएन घ्या. पुस्तकाच्या मागं तेरा आकडी नंबर असतो ना, तोच. आपल्या देशात तो राजा राममोहन राय यांच्या नावानं चालणाऱ्या सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्या लेखिकेलाही मागता येतो. एकाच नावाची दोन पुस्तकं असली तरी हा नंबर वेगळा असतो. विक्रेत्याला आणि ग्रंथालयाला तुमचं पुस्तक नेमकं ओळखता येतं.

पाचवं काम दुसऱ्याच्या हातातल्या माहितीचं. यूट्यूबचा व्हिडिओ काकूंचा नव्हता, त्यामुळं आडनाव आपल्याला दुरुस्त करता येणार नव्हतं. आम्ही व्हिडिओ टाकणाऱ्या मुलाला निरोप पाठवला, बरोबर नाव लिहून दिलं. त्यानं चार दिवसांत बदललं. पुस्तकविक्रेत्याला फोन केला, प्रती आहेत म्हणून सांगितलं. बिननावाच्या कवितेसाठी आम्ही दुसरं केलं. ती कविता काकूंच्या पानावर त्यांच्या नावानं, पुस्तकाच्या नावासह आणि पान क्रमांकासह टाकली, आणि जिथं ती फिरताना दिसली तिथं सभ्य शब्दांत कळवलं की ही कविता यांची आहे. सगळीकडे नाव लागलं नाही. पण विचारणाऱ्याला दाखवायला आता जागा आहे. कायदाही आपल्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं कविता लिहिली की तिचा हक्क लिहिणारीचाच असतो, त्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही.

विकिपीडियाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो पगारी माणसं लिहीत नाहीत, हौसेनं काम करणारे लोक लिहितात. तिथं स्वतःबद्दल स्वतः लेख लिहिणं बरं मानत नाहीत. इतरांनी, वर्तमानपत्रांनी, पुस्तकांनी आपल्याबद्दल काय लिहिलं आहे त्याच्या आधारावर तिथं लेख होतो. तुमच्यावर लेख असेल आणि त्यात चूक असेल, तर लेखासोबत चर्चेचं पान असतं. तिथं चूक सांगा आणि पुरावा द्या. आणि कुणी म्हणालं, "पाच हजार द्या, तुमचं विकिपीडियावर पान करून देतो, गुगलवर तुमचं नाव सगळ्यांत वर आणतो," तर पैसे देऊ नका. विकिपीडिया लेखासाठी पैसे घेत नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

सहावं काम, हे सगळं किती दिवसांनी बघायचं. रोज काही टाकत बसायची गरज नाही. शेत, गुरं, घर सांभाळून ते जमणारही नाही. आम्ही वर्षातून चार वेळा ठरवली आहे. संक्रांत, पाडवा, आषाढी आणि दसरा. सणाच्या आसपासच्या बैठकीत हिशेब झाला की वही काढायची आणि चार प्रश्न विचारायचे. नंबर लागतो का? ईमेल उघडतो का? पुस्तकाच्या किती प्रती उरल्या, किंमत तीच आहे का? नवं काही छापून आलं का, पुरस्कार मिळाला का? नंबर लागतो का हे बघायला बैठकीतच दुसरीच्या फोनवरून तो लावून बघायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. शिवाय तीन वेळी धावपळ करायची. नंबर बदलला, गाव बदललं, किंवा नवं पुस्तक आलं, तर सणाची वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात बदलायचं.

आता शेवटचं, थोडं जड बोलणं. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक भाऊबंद यांनी कागदावर उतरवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. वही कुठं आहे हे घरात ठाऊक होतं, म्हणून हे झालं. आज आपल्या कविता मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइलला कुलूप असतं. बाई गेली की तिच्यामागं कुलूप कोण उघडणार? त्याची तजवीज करता येते. फेसबुकवर आपल्यामागं खातं कुणी बघायचं ते नाव आधीच नोंदवता येतं. गुगलच्या खात्यातही, आपण ठरवलेल्या मुदतीत ते वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं हे लिहून ठेवता येतं. आणि लेखनाचा हक्क आपल्यामागं साठ वर्षं वारसांकडे राहतो. म्हणून घरात एक कागद लिहून ठेवा. कविता कुठं आहेत, हक्क कुणाला द्यायचा, पान कुणी सांभाळायचं. काकूंनी हा कागद लिहिला, आणि त्यावर सुनेचं नाव घातलं. सून म्हणाली, मला कुठं कवितेतलं कळतं? काकू म्हणाल्या, "कळायला नको, सांभाळायला पाहिजे."

शाळेचं ते निमंत्रण काही परत आलं नाही. पण मागच्या महिन्यात एका गावच्या ग्रंथालयातून गटाच्या फोनवर फोन आला. दोन प्रती हव्या होत्या. आम्ही एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवल्या. दोनच प्रती, पण नंबर लागला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक वही आणायची. आपल्यात कोण लिहितं, कोण गातं, त्यांची नावं आधी घालायची. मग शेजारणीचा फोन घ्या, आणि शोधायला सुरुवात करा. काय सापडलं ते आम्हाला रेडिओवर कळवा.